पाडस एकटं दिसलं तर



उंद्रीच्या शिवारात हरभरा सोंगताना कधी पाडस दिसतं.
एकटंच. निपचित पडलेलं.
जीव कळवळतो, हात पुढे होतात.

थांबा! ते बहुधा पोरकं नसतं.

हरणी पहिले काही दिवस पिल्लाला गवतात, पिकात दडवते.
स्वतः लांब चरते.
दूध पाजायला तेवढी येते.
ती दूर राहिली, की लांडग्याची नजर पिल्लावर जात नाही.

लेकुरवाळ्या हरणीवर बंदूक रोखणं कित्येक जुने शिकारीही टाळत.
१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तर हरणाची शिकारच गुन्हा ठरवली.
पाडस घरी पाळणं, हाही गुन्हाच.

पुन्हा ऐका, एकटं पाडस म्हणजे पोरकं पाडस नव्हे.
उचलू नका. कुत्री आवरा.
जखमी असेल, किंवा आई मेलेली दिसली, तर वनविभागाला कळवा.
क्रमांक आहे एक-नऊ-दोन-सहा.