परदेशची वाट आणि घरची शिदोरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला काही उपयोगाचे बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी व्याख्याती नाही. पण उपयोगाचा विषय म्हटल्यावर मला फार शोधावे लागले नाही. आपल्या मंडळात आज असे घर विरळाच, की ज्यातले कोणी परदेशी नाही. कोणाची लेक ऑस्ट्रेलियात बाळंत व्हायची असते, कोणाचा मुलगा अमेरिकेत नोकरीला असतो, कोणी सहलीबरोबर युरोप पाहून येतात. जाण्याचा दिवस ठरला, की आपल्या डोळ्यांपुढे आधी डबे येतात. चकल्या किती, लाडू किती, मेतकूट कोणत्या बरणीत? आणि त्याच्याच पाठोपाठ मनात एक धाकधूक येते, की हे सारे तिथे नेऊ देतील ना? या डब्यांविषयी आणि या धाकधुकीविषयी मला आज बोलायचे आहे.

वाटेला लागणाऱ्या माणसाच्या हाती शिदोरी द्यावयाची, ही आपली फार जुनी रीत आहे. आपल्या आज्यांनी त्यात नुसती माया घातली नव्हती, शास्त्रही घातले होते. दशम्या दुधात भिजवायच्या, म्हणजे प्रवासात सोवळ्याओवळ्याची अडचण येत नसे आणि त्या दोन दिवस मऊही राहत. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, गुळपोळ्या, शंकरपाळे, चिवडा, लाडू हे पदार्थ का टिकतात, याचा विचार केला तर सगळ्यांचे मर्म एकच दिसते. अन्न नासते ते पाण्यामुळे. तळताना पाणी निघून जाते, भाजताना आटते, आणि साखरेचा वा गुळाचा पाक उरलेले पाणी धरून ठेवतो. म्हणून पाकातला रव्याचा लाडू आठवडाभर सहज राहतो, आणि ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवशी आंबूस लागते. तळलेल्या पदार्थाचा दुसरा शत्रू म्हणजे हवा. तिच्यामुळे तेल खवट होते. तेव्हा डबा अर्धा रिकामा ठेवू नये, गच्च भरावा, आणि पदार्थ पुरता निवल्यावरच झाकण लावावे. ऊन चकल्या डब्यात कोंडल्या, तर विमान मुंबईहून हलण्यापूर्वीच त्या मऊ पडतील.

परदेशी जाताना बरोबर खाऊ नेणे हे काही आपल्याच पिढीचे खूळ नव्हे. १८८८ साली सप्टेंबर महिन्यात गांधीजी मुंबईहून बोटीने विलायतेस निघाले, तेव्हा ते पुरते एकोणीस वर्षांचेही नव्हते. इंग्रजीत बोलायचा संकोच, काट्याचमच्याची सवय नाही, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नाही. जेवणाच्या टेबलावर ते गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर त्यांनी केबिनमध्ये बसून दिवस काढले, असे त्यांनीच आपल्या आत्मकथेत सांगितले आहे. त्याच्याही पाच वर्षे आधी, १८८३ साली, आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकण्यासाठी कोलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या. जाण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी भर सभेत भाषण केले, आणि आपण आपला आहार व पोषाख बदलणार नाही असे सांगितले. वय अवघे अठरा! जे करायचे ते चार लोकांसमोर बोलून दाखवण्याचे त्यांचे हे धैर्य आपण लक्षात ठेवू या. पुढे त्याच्याशी काम पडणार आहे.

कोणी म्हणेल, आता तिथे सगळे मिळते, मग हे ओझे कशाला? मिळते हे खरे. मोठ्या शहरांत भारतीय दुकाने आहेत, पोहे आहेत, डाळी आहेत. तरीही विमान चार-पाच तास उशिरा सुटले, मधल्या विमानतळावर रात्र काढावी लागली, आणि मधुमेहाची गोळी घ्यायची वेळ झाली, तर तिथे दुकान शोधत कोण फिरणार? एकादशी असलेल्या बाईला, किंवा शाकाहारी जेवण सांगूनही भलतेच ताट पुढे आलेल्या बाईला, पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू हाच आधार. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची गोष्ट तर वेगळीच. तेव्हा शिदोरी न्यावी. प्रश्न एवढाच, की कोणती न्यावी आणि कशी न्यावी.

येथे आपण त्या परक्या देशाच्या बाजूनेही थोडे पाहिले पाहिजे. आपल्याला वाटते, लाडवावाचून त्यांचे काय अडले आहे? पण आपल्याच रस्त्याच्या कडेला वाढणारे गाजरगवत पाहा. ते मूळचे आपले नव्हे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची प्रथम नोंद झाली. परदेशाहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. आज ते देशभर आहे, त्याने जनावरांचे चराऊ रान खाल्ले, आणि कितीकांना त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते. एक बी आले, आणि साठ-सत्तर वर्षे आपण ते उपटत आहोत.

तसाच एक भुंगा आपल्या धान्यात असतो. त्याला खापरा म्हणतात, आणि जगभर तो याच आपल्या नावाने ओळखला जातो. त्याची अळी फटीत दडून कितीतरी काळ अन्नावाचून जगते. १९५३ साली तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कोठारांत सापडला, आणि त्याला हाकलून लावायला १९६६ साल उजाडले. म्हणून अमेरिकेने २०११ पासून, हा भुंगा आहे अशा देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणण्यास बंदी केली. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये तांदूळ, हरभरा, मूग, मसूर, जिरे, धने, शेंगदाणे, सुक्या मिरच्या अशा कच्च्या मालाला प्रवाशांच्या सामानात मज्जाव केला. त्यांचा राग चिवड्यावर नाही, भुंग्यावर आहे.

दूध आणि मांस यांचेही तसेच. जनावरांचा लाळ्या-खुरकूत हा रोग शेतकरी घरातल्या भगिनींना ठाऊक आहे. २००१ साली तो इंग्लंडात पसरला, आणि साठ लाखांहून अधिक गुरेमेंढरे मारावी लागली. चोरून आणलेले मांस डुकरांच्या खाद्यात गेले आणि तिथून हे सुरू झाले असावे, असा तेथील चौकशीचा निष्कर्ष होता. अशा चोरून आलेल्या जिनसेने किती गोठे ओस पडू शकतात, याची कल्पना करा. म्हणूनच ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे आपले खव्याचे पेढे आणि बर्फी चालत नाहीत. युरोपात आणि ब्रिटनमध्येही आपल्याकडून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढ्यांचा आग्रह सोडावा हे बरे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना खसखशीची. आपल्या स्वयंपाकघरात तिच्याइतकी निरुपद्रवी वस्तू नाही. अनारसा तिच्यावर थापतो, करंजीच्या सारणात ती घालतो. पण खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. सिंगापूर, सौदी अरबस्तान आणि संयुक्त अरब अमिराती या देशांत ती नेण्यास मनाई आहे, आणि तिथे हा मामला अमली पदार्थांच्या कायद्याकडे जातो. दुबईला मुलाकडे निघालेल्या आईने अनारसे न्यायचेच नाहीत, हे पक्के ध्यानात धरावे. दुबईत केवळ विमान बदलायचे असले, तरीही जपूनच असावे.

हे झाले काय न्यावे याविषयी. आता कसे न्यावे ते सांगते, आणि मला खरे सांगायचे आहे ते हेच. आपल्यात एक सल्ला फार कानोकानी फिरतो: “कागदावर काही लिहू नका. लिहिले की काढून घेतात.” साड्यांच्या घडीत लाडू, औषधांच्या डब्यात मसाला, असे प्रकार हसत हसत सांगितले जातात. मैत्रिणींनो, हा सल्ला अगदी उलटा आहे. ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्या प्रवाशाकडून कागद भरून घेतात, त्यात अन्नाविषयी स्पष्ट प्रश्न असतात. तिथे “होय” अशी खूण केली, तर अधिकारी डबा उघडून पाहतो. चालणारा पदार्थ परत देतो, न चालणारा ठेवून घेतो. नुकसान काय ते एका डब्याचे. अमेरिकेतही सांगून टाकलेली वस्तू काढून घेतली, तरी दंड होत नाही. दंड आहे तो न सांगण्याला. न्यूझीलंडमध्ये तो जागच्या जागी ४०० डॉलर भरावा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०१९ पासून अशा पाहुण्याचा व्हिसाच विमानतळावर रद्द करण्याचा अधिकार घेतला, आणि त्याच वर्षी सिडनीला उतरलेल्या एका परदेशी बाईंना त्याप्रमाणे परत पाठवले. त्यांच्या सामानात न सांगता आणलेले कच्चे मांस निघाले होते. लेकीचे दिवस भरत आलेले आहेत, ती विमानतळाबाहेर वाट पाहते आहे, आणि आई पेढ्यांच्या पुड्यासाठी आतूनच माघारी फिरली, असे कोणाच्याही घरी होऊ नये.

शिवाय दुसरीही एक गोष्ट आहे. सुदामा पोह्यांची पुरचुंडी काखेत लपवीत होता, कारण त्याला तिची लाज वाटली. कृष्णाने ती ओढून काढली, तेव्हा तिचे मोल कळले. आपण रात्री जागून केलेल्या चकल्या काही चोरीचा माल नव्हे, की त्या घडीत दडवाव्यात. आपले अन्न आपण झाकून नेले, तर पाहणाऱ्याला वाटणार, की त्यात काही वावगे आहे. “हे मी घरी केले आहे, यात अमुक आहे,” असे सांगायला इंग्रजी फारसे लागत नाही, ताठ मान लागते. म्हणून मघाशी आनंदीबाईंची आठवण काढली. त्यांनी जे केले ते सांगून केले.

काही लहान गोष्टी सांगते, त्या टिपून ठेवाव्यात. खाण्याच्या साऱ्या वस्तू एकाच पिशवीत, सामानाच्या वरच्या बाजूस ठेवाव्यात. प्रत्येक डब्यावर आतल्या जिनसांची इंग्रजी चिठ्ठी नातवंडांकडून लिहून चिकटवावी. दुकानातले पदार्थ मूळ पाकिटातच न्यावेत. छापलेली नावे वाचून अधिकाऱ्याचा निर्णय लवकर होतो. लोणचे, चटणी, तूप हे हातातल्या पिशवीत ठेवू नये; २००६ पासून विमानात बरोबर घ्यायच्या पातळ वस्तूंवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली, आणि बहुतेक ठिकाणी ती आजही आहे. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमान कंपन्या घेत नाहीत, कारण तेलकट खोबरे आपोआप तापून पेटण्याचा धोका असतो. आणि नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी सूचना मुलांकडून वाचून घ्याव्यात. शेजारणीच्या अनुभवावर विसंबू नये.

शेजारणीचे नाव निघाले म्हणून एक नाजूक गोष्ट. “तुम्ही जाताच आहात, तर आमच्या बंडूसाठी एवढा डबा न्या,” असे म्हणून आपण एकमेकींना बंद डबे देतो. देणारीचे मन निर्मळ असते. पण तिच्या करंजीत खसखस असली, तर जाब द्यावा लागतो नेणारीला. यापुढे डबा देणारीने तो उघडून दाखवावा, आणि घेणारीने विचारण्यात संकोच करू नये. यात अविश्वास नाही, एकमेकींची काळजी आहे. तसेच प्रवासाचा कागद शेजारच्या प्रवाशाकडून भरून घेतला, तरी त्याखालची सही आपली असते. प्रत्येक प्रश्न वाचून घ्यावा, नाही समजला तर पुन्हा विचारावा.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती करते. दिवाळीच्या आधी आपण फराळाचा वर्ग घेतोच. त्यातली एक दुपार परदेशी जाणाऱ्या भगिनींसाठी ठेवावी. टिकाऊ पदार्थ करून दाखवावेत, चिठ्ठ्या कशा लिहाव्यात ते सांगावे, आणि प्रवासाच्या कागदाचा नमुना आणून तो एकदा प्रत्येकीकडून तिच्या स्वतःच्या हाताने भरून घ्यावा. ज्या बाईने येथे चार मैत्रिणींत बसून “होय” वर खूण केली आहे, तिचा हात तिथे कापणार नाही.

 मंडळाला पुढील वर्ष सुखाचे व कार्याचे जावो, आणि जाणाऱ्या साऱ्याजणींचे डबे सुखरूप पोहोचोत, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेते.