देणगीचा पंखा आणि कायदा

वृद्धाश्रमाच्या खोलीत मान वर करून पाहा. पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेला पंखा दिसेल, आणि तो सहसा बंद होत नाही. कुणी दुपारी आडवं झालेलं, कुणी रात्रभर जागं. असा जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, 30च्या आसपास. चाळीस पंखे बदलले आणि रोज पंधरा तास फिरले, तर दिवसाला 27 युनिट वाचतात!

छताच्या पंख्यांना 1 जानेवारी 2023 पासून वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं आहे. अख्ख्या इमारतीच्या वीजबचतीचं घोडं मात्र अडतं. 2001च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 साली दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या, पण जोडभाराची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या एकूण भाराची, अट किमान 100 किलोवॉटची. वीस-तीस आजी-आजोबांचा आश्रम, अंघोळीचे गिझर धरूनही, बहुधा त्याखालीच राहतो. ही मर्यादा राज्यांना कमी करता येते. ती करावी, असं माझं मत.

तोवर, यंदा आश्रमाला पंखा देणार असाल, तर पाच तारेवालाच द्या. पात्यांवरचं नाव तेवढंच ठसठशीत दिसेल.