रसिकांचा रोष आणि काळाचा निवाडा



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानात दूरचित्रवाणीवरील एका परदेशी विज्ञानमालिकेचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाचे मूळ त्या मालिकेत नसून तिच्या प्रेक्षकांत आहे. कथेवर जीव लावलेला रसिक त्याच कथेवर रुसतो तेव्हा काय घडते? त्याचा रोष किती काळ टिकतो? आणि त्या रोषाचा पुढे फेरविचार व्हावयाचा असेल, तर कोणती गोष्ट शिल्लक असावी लागते? या प्रश्नांचा मागोवा घेत गेल्यास वाट शेवटी ग्रंथालयाच्या कपाटापाशीच येऊन पोहोचते.

हळ्ळीखेड (बी) या गावाचे नावच मोठे बोलके आहे. कानडीत हळ्ळी म्हणजे खेडे आणि मराठीत खेड म्हणजेही खेडेच. पुढचा 'बी' हा फारसी 'बुजुर्ग' या शब्दाचे आद्याक्षर असून महाराष्ट्रातील गावांच्या नावांत त्याचेच 'बुद्रुक' झाले आहे. एका नावात तीन भाषा नांदणाऱ्या या मुलुखाने निजामाची राजवट पाहिली, १९४८ चा मुक्तिसंग्राम पाहिला आणि १९५६ ची राज्यपुनर्रचनाही पाहिली. या सर्व काळात येथील मराठी वाचकाला पुस्तकापेक्षाही मासिकाची ओढ अधिक होती, कारण मासिक ठरावीक काळाने येत राहते आणि कथेच्या शेवटी 'क्रमशः' हा शब्द ठेवून जाते. पुढचा अंक येईपर्यंत वाचक ती कथा मनात घोळवतो, तिच्याविषयी वाद घालतो आणि पुढे काय व्हावे हे स्वतःच ठरवून टाकतो. अंक आल्यावर लेखकाने वेगळेच काही केलेले दिसले की तो रागावतो. मालिकेच्या चाहत्याचा स्वभाव या 'क्रमशः'मध्येच घडतो.

विज्ञानकथाही या वाचकाला परकी नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनहून सुरू केलेल्या 'केरळकोकिळ' मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप क्रमशः येत होते. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यासाठी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली होती आणि त्यांत शेजारच्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुरगी, जिल्ह्यातील खेडीही होती. पृथ्वीसापेक्ष स्थिर राहणाऱ्या उपग्रहांच्या साहाय्याने जगभर संदेशवहन साधता येईल, ही कल्पना १९४५ साली तपशिलाने मांडणारे आर्थर क्लार्क हे विज्ञानकथांचे लेखक होते. एका कथाकाराच्या डोक्यातील गोष्ट तीस वर्षांनी या परिसरातील चावडीवर चित्ररूपाने अवतरली, ही घटना विज्ञानकथेची थोरवी सांगण्यास पुरेशी आहे.

आता मूळ विषय. इंग्लंडमधील बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' नावाची मालिका सुरू केली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या गदारोळात पहिला भाग पुरेसा पाहिला गेला नाही म्हणून पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळाच्या पाठीवर भ्रमण करणारा एक परग्रहवासी 'डॉक्टर' हा तिचा नायक. मूळ नटाची प्रकृती साथ देईना, तेव्हा १९६६ साली लेखकांनी एक युक्ती योजली. हा नायक मरणाच्या दारी आला की जुने शरीर टाकून नवे धारण करतो, असे त्यांनी ठरवले. जीर्ण वस्त्र टाकून नवे नेसण्याचा गीतेतील दृष्टांत ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. त्या युक्तीमुळे मालिकेचे आयुष्य मात्र वाढले. १९८९ पर्यंत ती चालली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली.

१९७६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या मालिकेत 'द डेडली असॅसिन' ही चार भागांची कथा दाखवली गेली. लेखक होते रॉबर्ट होम्स आणि डॉक्टरच्या भूमिकेत टॉम बेकर. या कथेत डॉक्टर आपल्या मायभूमीला, कालस्वामींच्या ग्रहावर, परत येतो आणि तेथील राष्ट्राध्यक्षाच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो. १९६९ साली हे कालस्वामी प्रथम दिसले तेव्हा ते सर्वशक्तिमान, गूढ आणि देवतुल्य होते. होम्स यांनी त्यांना उंच कॉलरच्या झग्यांत वावरणारे, वयोवृद्ध, मानापमानात गुंतलेले आणि कारस्थानी राजकारणी म्हणून उभे केले. देवांच्या सभेत जावे आणि तेथे गावकीचे राजकारण चाललेले आढळावे, तसा हा प्रकार होता.

कथा सव्वा कोटीच्या आसपास प्रेक्षकांनी पाहिली. तिच्यावर दोन बाजूंनी हल्ला झाला. पहिला बाहेरून. तिसऱ्या भागाच्या अखेरीस शत्रू डॉक्टरचे डोके पाण्याखाली दाबून धरतो आणि चित्र तेथेच थबकते. मुलांना आठवडाभर हे दृश्य मनात घेऊन राहावे लागेल, अशी तक्रार प्रसारणातील नीतिमत्तेसाठी झटणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी केली. बीबीसीने दिलगिरी व्यक्त केली आणि मूळ फितीतून ते दृश्य कापून टाकले. पुढच्या हंगामापासून निर्माता बदलला आणि कथांमधील भयाची मात्राही उतरली.

दुसरा हल्ला घरातूनच झाला आणि विचार करण्याजोगा आहे तो हाच. मालिकेच्या चाहत्यांची संघटना १९७६ सालीच उभी राहिली होती. तिच्या नियतकालिकात खुद्द अध्यक्षांनी या कथेवर अत्यंत कडक परीक्षण लिहिले. कालस्वामींचा मोठेपणा धुळीस मिळाला, पूर्वीच्या कथांशी मेळ राहिला नाही आणि मालिकेची सारी जादूच हरपली, असा त्याचा सूर होता. त्यामागे अज्ञान नव्हते. आधीच्या कथांचा तपशील मुखोद्गत असलेल्या माणसाची ती वेदना होती.

आणि काळाचा निवाडा? तो नेमका उलट लागला. पुढच्या पिढीतील चाहत्यांनी याच कथेला मालिकेतील उत्तम कथांत स्थान दिले. ज्या चित्रणाने कालस्वामींचा अधःपात झाला असे वाटले होते, तेच पुढील सर्व लेखकांनी प्रमाण मानले. कालस्वामीला बाराच वेळा नवे शरीर मिळते, हा नियम या कथेत ओघात येऊन गेला होता. तो इतका पक्का झाला की २०१३ च्या नाताळातील कथेत त्यातून वाट काढण्यासाठी लेखकाला स्वतंत्र प्रसंग रचावा लागला. मोडतोड म्हणून जिची संभावना झाली, तीच परंपरा ठरली.

यावरून १९७६ चे चाहते चुकले, असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य नाही. त्यांची तक्रार त्यांच्या काळापुरती खरी होती. कालस्वामींचे गूढ त्या कथेने खरोखरच संपवले. त्या बदल्यात काय मिळाले हे कळण्यास मात्र काही वर्षे जावी लागली. रसिकाचा पहिला अभिप्राय हा साक्षीदाराचा जबाब असतो. निवाडा पुढे होतो आणि तो करताना जबाब समोर असावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या कृतीविषयी वाद आहे, ती कृतीही समोर असावी लागते.

ही दुसरी अट या मालिकेच्या बाबतीत पूर्ण होणे सोपे नव्हते. त्या काळी चित्रफीत महाग होती. पुनःप्रसारणाच्या हक्कांवर मर्यादा होत्या आणि रंगीत प्रक्षेपण आल्यावर जुन्या कृष्णधवल भागांना कोणी विचारीना. बीबीसीने १९६० च्या दशकातील कित्येक भाग पुसून त्या फिती पुन्हा वापरल्या, कित्येक चित्रपटफिती नष्ट केल्या. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. जागा हवी होती आणि खर्च वाचवायचा होता. मात्र काही मुलांनी घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून ते भाग नोंदवून घेतले होते. त्यामुळे गहाळ झालेल्या प्रत्येक भागाचा निदान आवाज आज उपलब्ध आहे. जे संस्थेने टाकले ते प्रेमाने पाहणाऱ्या सामान्य माणसांनी राखले.

या हरवण्या-सापडण्यात निवाडे कसे फिरले, तेही पाहण्यासारखे आहे. १९६७ ची 'टूम ऑफ द सायबरमेन' ही कथा गहाळ होती तोवर तिच्याविषयी दंतकथा पसरल्या होत्या. हाँगकाँगमध्ये ती मिळाली आणि १९९२ साली लोकांनी ती प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा काहींचा थोडा हिरमोडही झाला. उलट 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' ही कथा सामान्य समजली जाई. २०१३ साली नायजेरियातील जोस येथे जे नऊ गहाळ भाग सापडले, त्यांत तिचे भाग होते. ती पूर्ण पाहिल्यावर अनेकांनी आपले मत बदलले. नव्वदाहून अधिक भाग मात्र त्यानंतरही गहाळच राहिले.

मराठी माणसाने हे दुःख सातशे वर्षांपूर्वी भोगले आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती, त्यांनी आठवून ती पुन्हा लिहिली. म्हणूनच तिचे अनेक पाठ निर्माण झाले. बिदर शहरात महमूद गवानने १४७२ साली बांधलेला मदरसा आजही उभा आहे. तेथील ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगितले जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज निळ्या-हिरव्या फरशांच्या खुणा भिंतींवर दिसतात, पण ते ग्रंथ तेथे नाहीत.

विज्ञानकथेच्या बाबतीत मराठीतही असाच फेरविचार घडला आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव होते आणि कथा जयंत विष्णु नारळीकर यांची होती. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. तरीही पुढे अनेक वर्षे 'ही कथा की विज्ञानाचा धडा?' हा प्रश्न मराठीत विचारला जात होता आणि प्रश्न विचारणारे सर्वच अरसिक नव्हते. माणसाचे मन कथेत कोठे आहे, हे विचारणे हा त्यांचा हक्क होता. त्या प्रश्नाला बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींच्या कथांनी आपापल्या परीने उत्तर दिले. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा शास्त्रज्ञाबरोबरच विज्ञानकथाकार म्हणूनही महाराष्ट्राने त्यांना निरोप दिला. कराड ते नाशिक हे अंतर ४६ वर्षांचे होते.

या प्रवासाचा अभ्यास उद्या कोणाला करावयाचा झाल्यास साधने कोठे मिळतील? पुस्तके मिळतील. परंतु कथा प्रथम ज्यांत आल्या ती मासिके, दिवाळी अंक आणि त्यांतील वाचकांची पत्रे कोठे मिळतील? ग्रंथालयात जागेची टंचाई कायमची असते आणि ती भासली की प्रथम रद्दीत जातात ते जुने अंक. त्यातही वाचकांच्या पत्रांचे पान कोणाच्याच हिशेबी नसते. पुणे-मुंबईत एक प्रत गेली तरी दुसरी सापडण्याचा संभव असतो. सीमेवरच्या गावात गेलेला मराठी अंक बहुधा कायमचा जातो. त्याच्याबरोबर या भागातील वाचकाने काय वाचले, कशावर तो खूश झाला आणि कशावर चिडला, याचा पुरावाही जातो.

म्हणून शताब्दीच्या वर्षी विश्वस्तांपुढे तीन गोष्टी नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात. जुन्या अंकांची बांधणी करून त्यांची सूची तयार करावी. दहा वर्षांत कोणी नेले नाही एवढ्याच कारणाने कोणतेही पुस्तक बाद करू नये, कारण त्याचा वाचक कदाचित अजून शाळेत जात असेल. आणि सभासदांसाठी अभिप्रायाची वही ठेवून तीत स्तुतीबरोबर नाराजीही मोकळेपणाने लिहू द्यावी, भरलेल्या वह्या ग्रंथांइतक्याच काळजीने जपाव्यात.

सभासदांकडूनही एक अपेक्षा आहे. पुस्तक आवडले नाही तर ते नुसते परत करून जाऊ नये. का आवडले नाही, हे वहीत दोन ओळींत लिहून खाली तारीख घालावी. पन्नास वर्षांनी या कपाटासमोर उभा राहणारा कोणी वाचक ते पुस्तक आणि त्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचेल. तो कदाचित सहमत होणार नाही. पण असहमत होण्यासाठी त्याच्या हाती दोन्ही गोष्टी असतील, आणि तेवढी सोय करून ठेवणे हे ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाचे काम आहे.