उच्च शिक्षणातील वाजवी सोय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यवाहांनी आम्हांलाच दिले होते. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य हे विषय या व्यासपीठावर अनेकदा येऊन गेले आहेत आणि त्यांवर आमच्याहून अधिकारी माणसे बोलली आहेत. म्हणून मंडळातील आम्ही पाच निवृत्त माणसे गेली काही वर्षे जे काम करीत आहोत, त्याविषयीच बोलावे असे ठरविले. महाविद्यालयात शिकणाऱ्या अंध मुलामुलींना पुस्तके वाचून दाखवायची आणि परीक्षेसाठी लेखनिक शोधून द्यायचा, एवढेच ते काम. भाषण एकाने वाचावयाचे असले तरी लिहिले आहे सर्वांनी मिळून. तेव्हा यातील ‘आम्ही’ आदरार्थी समजू नये, तो खरोखरीच अनेकवचनी आहे.

पहिली अडचण शब्दांचीच आली. आमच्या तरुणपणी ‘अपंग’ म्हणत, पुढे ‘विकलांग’ आले आणि २०१५ च्या अखेरीपासून ‘दिव्यांग’ रूढ झाले. आमच्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याला यातील कोणता शब्द आवडतो, असे विचारले असता तो म्हणाला, “काका, मला नावाने हाक मारा.” त्यामुळे तो वाद आम्ही तेथेच सोडला. पण दुसऱ्या एका शब्दाविषयी आमचा आग्रह आहे. या मुलांना जे द्यावयाचे त्याला महाविद्यालयांच्या कार्यालयांत सर्रास ‘सवलत’ म्हणतात. सवलत म्हणजे नियमाने देय नसलेले, पण मेहेरबानीने दिलेले. ती मागणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. घरी पाहुणा येणार असला म्हणजे आपण त्याची सोय करतो. त्याला सवलत देत नाही. कायद्याला जे अभिप्रेत आहे त्याला ‘वाजवी सोय’ म्हणावे, असे आम्हांस वाटते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते आणि शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा राखून ठेवावयास सांगितले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या २१ केली, उच्च शिक्षणातील राखीव जागा किमान ५ टक्के केल्या आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट दिली. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. तथापि राखीव जागा म्हणजे केवळ दरवाजा. आत गेल्यावर काय, याचे उत्तर वाजवी सोयीच्या व्याख्येत आहे: संबंधित व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून आवश्यक ते फेरबदल करावयाचे, मात्र त्यांचा भार प्रमाणाबाहेर होता कामा नये. अशी सोय नाकारणे म्हणजेच भेदभाव करणे, असेही त्याच कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेपासून सूट यांचा उल्लेख कलम १७ मध्ये नावानिशी आहे. आम्ही ते कलम एका कार्यालयात दाखविले तेव्हा तेथील गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने चहा मागविला आणि “वरून पत्र आले पाहिजे” असे सांगितले.

आता लेखनिकाविषयी. मुले त्याला ‘रायटर’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे येणारी एक अंध विद्यार्थिनी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय संस्कृत आणि अर्थशास्त्र. संस्कृतच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेआठ वाजता तिच्या आईचा दूरध्वनी आला, की ठरलेल्या मुलीला ताप भरला आहे. आमच्यापैकी एक बाई तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविलेल्या. “त्यात काय, मीच जाते,” असे म्हणून त्या सकाळी केंद्रावर हजर झाल्या. केंद्राधीक्षकांनी त्यांना परत पाठविले. लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावे, ही २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील अट त्यांनी पुढे केली आणि त्या अटीपुरते त्यांचे म्हणणे खरे होते. शेवटी शेजारच्या बिऱ्हाडातील बारावीचा मुलगा धावत आणला. तो पोहोचेपर्यंत पन्नास मिनिटे गेली होती. दर तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ हा दंडक २०१३ च्या तत्त्वांनी घातला आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास अधिक. त्या एका तासातील पन्नास मिनिटे वाट पाहण्यातच संपली.

पुढे जे झाले ते तिने आम्हांस नंतर सांगितले. मुलगा वाणिज्य शाखेचा, संस्कृत त्याने शाळेतच सोडलेले. ‘वाक्ष्यामि’ की ‘वक्ष्यामि’, ‘श्लिष्ट’ मधला श कोणता, विसर्ग द्यायचा की नाही, हे तिला अक्षर-अक्षर फोडून सांगावे लागले. आपण लिहिताना मागचे वाक्य डोळ्यांखाली असते, तिला ते मनात धरून ठेवावे लागते, त्यातच पुढचे वाक्य जुळवावे लागते आणि मध्येच “ताई, हलन्त म्हणजे काय?” या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. शेवटचा प्रश्न राहिला. अर्थशास्त्राच्या पेपराला तर मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या बोलून काढून घ्याव्या लागतात: “उभी रेघ घे, तिच्या तळापासून उजवीकडे आडवी रेघ, आता वर डावीकडून खाली उजवीकडे येणारा वक्र.” वक्र चुकला तर गुण तिचे जातात, लेखनिकाचे नव्हे. ती उत्तीर्ण झाली, एम. ए. ही झाली. तरीही त्या दिवशी तिचे किती गुण गेले, हा प्रश्न आम्हांस अजून सुटत नाही. कारण चूक आमचीही होती. भाषांच्या पेपरांसाठी निराळा लेखनिक घेता येतो आणि आयत्या वेळी लेखनिक बदलण्यास केंद्राने वाव ठेवावा, असे २०१३ च्या त्याच तत्त्वांत लिहिलेले होते. आम्ही ते वाचले नव्हते. केंद्राधीक्षकांनीही वाचले नसावे.

हा अनुभव काही आमच्याच नगरीचा नाही. लेखनकंपाच्या विकारामुळे हाताने लिहिता न येणाऱ्या विकास कुमार यांना केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला. कारण त्यांचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका अमान्य केली. ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, वाजवी सोयीसाठी नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी नोव्हेंबरात अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचे प्रकरण आले. लेखन-अक्षमता असूनही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिला वाढीव तास मिळाला नव्हता. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, पण लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा पुन्हा घेता येत नाही म्हणून तिच्यासाठी काय उपाय करता येईल ते ठरविण्याचे काम परीक्षा घेणाऱ्या संस्थेवर सोपविले. परीक्षेच्या दालनात गेलेला तास न्यायालयालाही परत आणता येत नाही, हे या प्रकरणातून आम्ही शिकलो. तेव्हापासून आमच्या मुलांची कागदपत्रे आम्ही परीक्षेच्या दोन महिने आधी तपासतो.

आता पुस्तकांकडे वळू. मुद्रित पुस्तक अंध वाचकासाठी वाचनीय रूपात आणण्यास २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रताधिकार कायद्यात मोकळीक मिळाली. याच हेतूने झालेल्या माराकेश करारास २०१४ मध्ये सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारतच होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि ती मराठीही बोलते. मग अडते कोठे? दोन ठिकाणी. प्राध्यापक जी टिपणे पाठवितात ती पुष्कळदा पानांची छायाचित्रे असतात. यंत्राच्या लेखी ते कोरे पान. आणि आपली मराठी, हिंदी टिपणे जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत असतात. डोळ्यांना ती शुद्ध देवनागरी दिसते, पण आत साठविलेली अक्षरे रोमन असतात. त्यामुळे यंत्र भलतीच बडबड वाचू लागते. आमच्या एका विद्यार्थ्याने त्या बडबडीची इतकी हुबेहूब नक्कल केली, की हसून पुरेवाट झाली. मग तो म्हणाला, “परीक्षा मात्र याच्यावरच आहे.” अशी टिपणे पुन्हा टंकलिखित करणे किंवा ध्वनिमुद्रित करणे, हाच आमचा बुधवार-शनिवारचा उद्योग. जाता जाता संपादकांना एक विनंती: या स्मरणिकेची एक प्रत युनिकोडमध्ये ठेवावी. आमची मुले तिचीही वाचक आहेत.

सगळ्याच सोयींना एवढे कष्ट पडत नाहीत. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलले, की ओठांवरून समजून घेणाऱ्या कर्णबधिर मुलाचा धागा तुटतो. वर्गाकडे वळून बोलावयास पैसे पडत नाहीत. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने उच्चारले, की अंध मुलाचे काम होते. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणावयास वेळापत्रकात एक खाडाखोड पुरते. मानसिक आजाराने एखादा महिना वाया गेलेल्या मुलीला प्रबंधिका सादर करण्यास पंधरा दिवस अधिक दिले, तर विद्यापीठ कोसळत नाही.

“पण मग इतरांवर अन्याय नाही का होत?” हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो आणि तो विचारणारे वाईट हेतूने विचारतात असे नाही. वाढीव वेळ म्हणजे वाढीव गुण नव्हेत. प्रश्न तेच, तपासणारा तोच, उत्तीर्ण होण्याची रेषाही तीच. बोलून लिहून घेण्यात जो वेळ खर्ची पडतो तेवढाच भरून द्यावयाचा. मर्यादा आहेत, त्या आम्ही नाकारीत नाही. एखाद्या विषयाचा गाभाच जेथे विशिष्ट क्षमतेवर उभा आहे तेथे काय करावे, हा प्रश्न सोपा नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत, महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात एक मार्ग दाखविला. त्याला वाणी व भाषेचे ४४ ते ४५ टक्के अपंगत्व होते आणि नियमानुसार तो अपात्र ठरत होता. केवळ टक्केवारी पाहून कोणास बाद करता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही, हे तज्ज्ञ मंडळाने प्रत्यक्ष तपासावे, असे न्यायालय म्हणाले. आम्हांस हे तत्त्व पटते, कारण त्यात माणसाकडे पाहावे लागते.

शेवटी घरची गोष्ट. आपल्या गणेशोत्सवात पूर्वी एक तरुण नियमाने येत असे. गाणे उत्तम समजत असे. चाकाच्या खुर्चीवर येई आणि आपले चार कार्यकर्ते त्याला खुर्चीसकट उचलून सभागृहात आणीत. आपण सर्वांनी त्या कार्यकर्त्यांचे कौतुक केले आहे, आम्हीही केले आहे. दोन वर्षे तो दिसला नाही म्हणून आम्ही चौकशीस गेलो. तो म्हणाला, “दरवर्षी चौघांच्या खांद्यांवरून येण्याची लाज वाटते हो.” वाजवी सोयीची पत्रे घेऊन आम्ही महाविद्यालयांचे उंबरे झिजवीत होतो आणि आमच्या स्वतःच्या दारात पाच पायऱ्या होत्या.

आम्ही मोजमाप केले आहे. प्रत्येक पायरी सहा इंच, म्हणजे एकूण उंची अडीच फूट. उतार एकास बारा असावा लागतो. त्या हिशेबाने तीस फूट लांबी हवी. आपले अंगण बावीस फुटांचे. त्यामुळे चपलांच्या घडवंचीपाशी उतार एकदा वळवावा लागेल, त्या वळणावर पाच फूट सपाट जागा सोडावी लागेल आणि घडवंची मागे न्यावी लागेल. आराखडा कार्यवाहांच्या स्वाधीन केला आहे. लेखनिकांच्या नोंदणीची वही बाहेर टेबलावर आहे. अकरावी-बारावीच्या आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी नावे द्यावीत, आणि संस्कृत घेतलेल्यांनी नावापुढे तशी खूण करावी.