एकतर्फी सामने



व्याख्यानमालेत थोरांची चरित्रे आणि देशापुढचे मोठे प्रश्न ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज मात्र आम्ही चेंडूफळीचा विषय घेऊन उभे राहिलो आहोत, आणि तोही कसोटी सामन्यांचा नव्हे. आपल्या आसनगावच्या परिसरात सुट्टीच्या दिवशी जे सामने होतात त्यांचा. विषय क्षुल्लक वाटला तर दोष आमच्याकडे. पण गेल्या उन्हाळ्यात एका शनिवार-रविवारी आम्ही गुणलेखनाच्या टेबलाशी बसलो होतो आणि त्या दोन दिवसांत जे वहीत लिहिले ते अजून मनातून जात नाही.

प्रथम परिस्थिती सांगतो. आपल्याकडे खेळाला मैदान असे नसतेच. भाताची कापणी झाली, झोडणी झाली, की खाचरे मोकळी होतात. दोन-तीन खाचरांमधले लहान बांध सपाट करायचे, मधोमध माती चोपून पट्टी तयार करायची आणि मोठा बांध ती सीमा. एका अंगाला बांध वीस पावलांवर, तर दुसऱ्या अंगाला नजर पोचणार नाही इतका दूर. चेंडू टेनिसचा. सहा षटकांचा डाव, आठ गडी. हे सारे माहुलीच्या पायथ्याशी चालते आणि ते चालण्याला मुदत असते. चैत्र सरला की शेताचा मालक येऊन उभा राहतो. त्याला राब भाजायचा असतो. पाला, शेण, कवळ पसरून ती जमीन भाजली नाही तर लावणीला रोप कोठून यायचे? त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये.

तर त्या वर्षी असे झाले की, आठ संघांची साखळी स्पर्धा लग्नसराईमुळे मागे पडत गेली. आज याच्या घरी हळद, उद्या त्याच्या घरी वरात. मालक म्हणाला, "एक शनिवार-रविवार देतो, पुढे मला शेत हवे." मग प्रत्येक संघाने प्रत्येक दिवशी दोनदा मैदानात उतरायचे, असे जोडसामने ठरले. दिवसाला आठ, दोन दिवसांत सोळा सामने. त्या सोळांपैकी अटीतटीचे म्हणावे असे तीन झाले. बाकीचे तेरा सामने पहिल्या दोन षटकांतच संपले होते. पुढचे नुसते उरकले.

याला कारण कोणाचे कौशल्य कमी-जास्त एवढेच नव्हते. एका संघाने कल्याणच्या बाजूचे चार तयार खेळाडू आणले होते. नियमात ते बसत होते, कारण तसा नियमच कोणी केला नव्हता. दुसरीकडे डोंगराकडच्या एका पाड्याचा संघ. त्यांचे निम्मे गडी गोदामांत पाळीने कामाला. शनिवारी सुटी नाही, रविवारी रात्रपाळी करून आलेले. पहिल्या सामन्याला ते सात जण आले आणि आठवा म्हणून एका बारा वर्षांच्या पोराला उभे केले. समोरच्यांनी 103 धावा काढल्या, यांनी 27. तास-दीड तासाने पुन्हा उन्हात उतरले. या वेळी यांचा डाव 19 धावांत आटोपला आणि समोरच्यांना त्या काढायला सात चेंडू पुरले. बांधावर बसलेली मंडळी हसत होती. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण हसणे ते हसणेच. संध्याकाळी कुणीतरी बातमी आणली की उद्या पाड्याचा संघ येणार नाही.

ही बातमी ऐकून आम्हाला एक जुना सामना आठवला. डिसेंबर 1948. पुण्याला महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी करंडकाचा सामना चालू होता. काठियावाडचा डाव 238 धावांत संपला होता. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि बादच होईनात. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागी केली. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या, निंबाळकर नाबाद 443. प्रथम श्रेणीतील सर्वांत मोठी खेळी तेव्हा ब्रॅडमन यांची, 452 धावांची. आणखी दहा धावा, म्हणजे निंबाळकरांना दोन षटकांचे काम. तेवढ्यात मधली सुटी झाली आणि त्या सुटीत काठियावाडच्या कर्णधारांनी, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला. सुटीनंतर खेळ झालाच नाही.

ही गोष्ट आपण नेहमी निंबाळकरांच्या बाजूने सांगतो आणि ते बरोबरच आहे. एवढा मोठा फलंदाज, पण अधिकृत कसोटी सामना एकही त्यांच्या वाट्याला आला नाही. 2012 साली ते गेले तेव्हाही लोकांना आठवल्या त्या न झालेल्या दहा धावा. पण आम्ही त्या रात्री प्रथमच दुसऱ्या बाजूने विचार केला. अकरा माणसे उन्हात चेंडूमागे धावत आहेत, सामना कधीच हातचा गेला आहे, आणि आता आपण केवळ दुसऱ्याच्या पराक्रमाचे सामान म्हणून उभे आहोत, असे त्यांना वाटले असेल. त्यांचे जाणे आम्हाला पटत नाही. मात्र ते का गेले हे कळते.

आता दुसरे उदाहरण, अगदी आपल्या मार्गावरचे. आसनगावहून गाडीत बसले की वासिंद, खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड आणि मग कल्याण. तेथे जानेवारी 2016 मध्ये भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद 1009 धावा केल्या. 327 चेंडू, 129 चौकार, 59 षटकार. कॉलिन्स या इंग्रज शाळकरी पोराचा 628 धावांचा विक्रम 1899 पासून उभा होता, तो पहिल्याच दिवशी पडला. प्रणवच्या संघाने 3 बाद 1465 वर डाव सोडला. देशोदेशीच्या वृत्तपत्रांत कल्याणचे नाव छापून आले आणि आपल्या सर्वांना आनंद झाला. होऊ नये असे काही त्यात नाही.

समोरच्या शाळेचे नाव मात्र आम्ही मुद्दाम घेत नाही. त्या शाळेच्या पहिल्या डावात 31 झाल्या, दुसऱ्या डावात 52. एक डाव आणि 1382 धावांनी पराभव. मोठी मुले परीक्षेच्या अभ्यासात अडकलेली, म्हणून बारा-तेरा वर्षांची पोरे उतरवली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ही पोरे दोन दिवस क्षेत्ररक्षण करीत राहिली. घरी गेली, झोपली, दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. ठाकोरसाहेब जे करू शकले नाहीत ते या चिमुरड्यांनी केले. एक हजार नऊ धावांचा सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी परत येण्याचा सत्कार कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि जिंकणाऱ्याचे तरी काय झाले? मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे मनासारखा खेळ होईना म्हणून 2017 मध्ये त्याच्या घरूनच ती थांबवण्याची विनंती गेली. त्या प्रामाणिकपणाला आमचा नमस्कार. पण एवढ्या दुबळ्या गोलंदाजीवर उभारलेला आकडा पोराच्या खांद्यावर केवढे ओझे होऊन बसला असेल!

आता कोणी म्हणेल, एवढे अंतर पडले की सामना थांबवावा, त्यात काय कठीण आहे? खरे आहे. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत सॉफ्टबॉल खेळतात. 1887 साली शिकागोमध्ये काही मंडळींनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो टोलवला, तेव्हापासूनचा हा खेळ. त्यात सात डाव असतात; पण पाच डाव झाल्यावर एका पक्षाची सात धावांची आघाडी असेल तर पंच सामना तेथेच संपवतात. शहाणपणाचा नियम आहे. पुढच्या सामन्याला वेळ मिळतो, माणसेही थकत नाहीत. आम्ही शनिवारी रात्री समितीपुढे तो मांडलाही.

पण अंथरुणावर पडल्यावर वाटू लागले, की ही शेवटी दयाच. आपल्या मातीतल्या खेळांनी याहून निराळा विचार केला आहे. हुतूतूचे जुने प्रकार घ्या. त्यांपैकी संजीवनीत आपला गडी मेला, तरी समोरचा एक मारला की तो उठून परत येतो. सारा संघ बाद झाला तर लोण चढते, समोरच्याला दोन गुण जास्त मिळतात, आणि पुन्हा सातही जण मैदानात! हरणाऱ्याला घरी पाठवण्याऐवजी पुन्हा खेळायला उभे करायचे, अशी ती रचना आहे.

आणि आपण लहानपणी गडी कसे वाटून घेत होतो ते आठवा. दोघे म्होरके बाजूला उभे राहत. बाकीचे दोघे दोघे गळ्यात गळा घालून दूर जात आणि गुपचूप नावे ठरवून येत. "कुणाला आंबा, कुणाला फणस?" म्होरक्याने आंबा मागितला की आंबा त्याचा, फणस दुसऱ्याचा. यातली खुबी अशी की जोडी ज्याने त्याने आपल्या तोडीची निवडलेली असे. धावणारा धावणाऱ्याबरोबर जाई, लठ्ठू लठ्ठूबरोबर. दोन्ही पक्ष आपोआप सारखे होत. एक उरला तर तो दोन्हीकडून खेळे. अगदीच लहान असला तर कच्चा लिंबू. तो बाद झाला तरी बाद नव्हे. समतोल आम्ही सामन्याच्या आधी साधत होतो. सामना सुरू झाल्यावर कोणावर दया करण्याची वेळ येत नसे. पुढे आम्ही मोठे झालो, करंडक आणले, बनियनवर नावे छापली, आणि ही अक्कल विसरलो.

रविवारी सकाळी पाड्याचा संघ आला. उशिरा आला, सात जणच आला, पण आला. पहिला सामना हरले, मात्र 40 धावा झाल्या. दुसऱ्या सामन्यापूर्वी आम्हाला राहवले नाही. समोरच्या कर्णधाराशी बोललो. तो भला माणूस, दोन चांगले गडी द्यायला तयार झाला. आम्ही मोठ्या खुशीत पाड्याच्या कर्णधाराकडे गेलो. विशी-बाविशीचा पोरगा, रात्रपाळीने डोळे लाल झालेले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, माणसं उसनी नकोत. हरायचं तर आपल्याच पोरांनिशी हरू."

आम्ही निरुत्तर झालो. आधीच्या रात्रीचा आमचा सगळा विचार बरोबर होता आणि वेळ चुकली होती. आंबा-फणसाची वाटणी खेळ सुरू होण्यापूर्वी होते. तीन पराभव झाल्यावर केली की ती भीक होते. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच म्हटले असते.

ते सात जण आणि तो बारा वर्षांचा पोर खेळले. समोरच्यांच्या 81, यांच्या 46. शेवटच्या षटकात त्या पोराने डोळे मिटून फळी फिरवली आणि चेंडू जवळच्या बांधावरून गेला. बांधावरची मंडळी या वेळीही हसली, पण ते हसणे शनिवारचे नव्हते. सामना संपल्यावर कर्णधार टेबलाशी आला. निकाल त्याला ठाऊकच होता. त्याने वही आपल्याकडे ओढली, पोराच्या नावापुढे बोट ठेवले आणि विचारले, "हा चौकार लिहिलात ना?"

"लिहिला आहे," आम्ही म्हटले.

मग आम्ही पुढच्या वर्षीचे बोललो. दिवाळीनंतर भात झोडून झाले की समितीची बैठक असते. आमची सूचना अशी की संघ गावागावांचे न ठेवता सगळ्यांची नावे एकत्र करावीत, तोडीस तोड जोड्या लावाव्यात आणि चिठ्ठ्या टाकून आठ संघ करावेत. बाहेरचे खेळाडू हवेत तर तेही त्याच डब्यात. त्याने बराच वेळ विचार केला. पाड्याचे नाव जाईल, हे त्याला रुचत नव्हते आणि ते स्वाभाविकच होते. शेवटी म्हणाला, दोन माणसे आपली आपल्याकडे राहू द्यावीत, बाकीची चिठ्ठीने. आणि त्या दोघांत हा पोर धरावा. आम्ही त्याला शब्द दिला आहे. समितीतले दोघे-तिघे आज येथे समोर बसले आहेत, म्हणून तो शब्द चारचौघांत सांगून ठेवतो.