आक्कांच्या चेहऱ्यावरच्या रेघा

आम्ही दोघी जावा. तालुक्याच्या गावी एका मूर्तिकारांच्या कारखान्यात संगणकावर मूर्ती घडवायचं काम करतो. मातीला हात न लावता मूर्ती होते कशी, असं गटाच्या बैठकीत पुष्कळ जणी विचारतात. आज त्यातलं एकच सांगतो, मूर्तीवर कातडी कशी चढवायची ते. आम्हाला ती पहिल्यांदा जमली नाही, तेही सांगतो.

पडद्यावरची मूर्ती म्हणजे चौकोनांची जाळी, आतून पोकळ. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आम्ही काम करतो. हातात माउसऐवजी पेन असतं. जोर दिला की खोल जातं, हलकं धरलं की नुसतं ओरखडतं. जाळी बारीक करायची तर प्रत्येक चौकोनाचे चार करायचे. 5,000 चौकोनांचं डोकं एकदा फोडलं की 20,000, पुन्हा फोडलं की 80,000, आणि पाचव्या खेपेला 51,20,000. कातडीची बारीक छिद्रं दिसायला एवढे लागतातच. तेव्हा आमच्या संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो.

म्हणून छिद्रांची घाई करायची नाही. घराला आधी भिंत, मग गिलावा, मग सारवण. तसं कपाळ, गालाचं हाड, हनुवटी थोड्या चौकोनांवरच बसवायची. मग मोठ्या सुरकुत्या. छिद्रं अगदी शेवटी. मुळात चेहराच चुकला असेल तर छिद्रं पाडून तो सुधारत नाही.

गणपतीला यातलं काही लागत नाही. त्याचं अंग पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचं, हीच आमची सवय. मग आक्कांचं काम आलं.

आक्का म्हणजे शेजारच्या गावच्या गटाच्या पहिल्या अध्यक्ष. त्या गेल्यावर बायकांनी वर्गणी काढून त्यांचा अर्धपुतळा करायचं ठरवलं. फोटो मिळाले दोनच. एक आधार कार्डावरचा, दुसरा स्टुडिओतला, हार घातलेला. स्टुडिओवाल्यानं त्यांना गोरं तर केलं होतंच, चेहऱ्यावरची एकूण एक रेघही पुसली होती.

आम्ही काय केलं, इंटरनेटवरून कातडीचा ठसा घेतला. ठसा म्हणजे काळंपांढरं चित्र. पांढरं असेल तिथे जाळी वर उचलते, काळं असेल तिथे खालीच राहते. रांगोळीच्या छाप्यासारखा तो एकच ठसा कपाळापासून गळ्यापर्यंत मारत गेलो. लांबून बरं दिसलं. आक्कांच्या धाकट्या बहिणीला दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “हिला कांजण्या कधी आल्या गं? आणि ही जन्मात उन्हात गेली नाही का?”

दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. मग त्या मावशींनाच विचारलं, तुमच्या चेहऱ्याचे फोटो काढू का? बहिणी-बहिणींची कातडी एका वळणाची. सकाळी दाराशी बसवलं, ऊन एका बाजूनं येईल असं. बाजूच्या उजेडात प्रत्येक रेघेला स्वतःची सावली पडते. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट.

तेव्हा कळलं, चेहऱ्यावर कातडी एकसारखी नसतेच. नाकावरची छिद्रं गोल आणि ठळक. गालावरची वयाबरोबर ओढली जाऊन लांबट होतात. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, तिला जुन्या वायलच्या पदरासारख्या चुण्या. ओठावर उभ्या रेघा. कपाळाच्या मात्र आडव्या, कारण आतला स्नायू वर-खाली ओढतो आणि घडी त्याला आडवी पडते. आम्ही ठसा टाकून दिला आणि रेघ न् रेघ हातानं ओढली.

आणखी एक घोळ झाला. पापड तळताना तेल उडून आक्कांच्या हनुवटीवर डाग पडला होता. तो कुठल्याच फोटोत नव्हता. बहीण म्हणाली उजवीकडे, तसा आम्ही केला. पण सॉफ्टवेअरमध्ये आरसा चालू राहिला होता. म्हणजे उजवीकडे केलेलं आपोआप डावीकडेही होतं. आक्कांना दोन डाग! सुरकुत्यांना हात घालण्याआधी तो आरसा बंदच करायचा. दोन्हीकडे सारख्या सुरकुत्या कुणाच्याच नसतात.

गटाच्या बायकांना सुरकुत्या पसंत पडल्या नाहीत. “पुतळा आहे, जरा चांगलं दिसू दे की,” असं खजिनदार बाईंचं म्हणणं. बहीण हटेना. आम्ही सुरकुत्या ठेवल्या, डागही ठेवला. छिद्रं तेवढी कमी केली. पुतळा चार हातांवरून बघायचा, तिथून ती दिसत नाहीत. छिद्रं पाडण्याआधीची फाइल वेगळी जपून ठेवली होती म्हणून हे निभलं. उरली ती छिद्रं मात्र थोडी खोल केली, कारण रंगाचा प्रत्येक हात ती बुजवत जातो.

पुतळा बसवला त्या दिवशी मावशींनी आधी हनुवटीवरून बोट फिरवलं, मग हार घातला.

तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचा असा एक फोटो काढून ठेवा. दाराशी, सकाळच्या उन्हात, फ्लॅश बंद, मोबाइलमधलं चेहरा गोरा करायचं बटणही बंद. आम्ही सासूबाईंचा काढायला गेलो, तर त्या पावडर लावून आल्या. पुन्हा तोंड धुवायला लावलं, तर रुसल्या. फोटोत तसंच रुसलेलं तोंड आलंय.