सामाईक विहीर आणि सामाईक समुद्र

2011 सालच्या पावसाळ्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर दोन जहाजे एकामागून एक येऊन रुतली. पहिले ‘विस्डम’. कोलंबोहून अलंगला मोडीत काढण्यासाठी ते ओढून नेले जात असता दोर तुटला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते वाळूत येऊन बसले. दुसऱ्याची, म्हणजे ‘पवित’ या छोट्या तेलवाहू जहाजाची, कथा अधिक विलक्षण आहे. जूनच्या अखेरीस ओमाननजीकच्या समुद्रात ते निकामी झाले. खलाशांची सुटका झाली, आणि जहाज बुडाले असे सर्वांनी धरून चालले. ते बुडाले नव्हते. कप्तान नाही, खलाशी नाही, अशा स्थितीत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या रेट्याने महिनाभर वाहत ते 31 जुलैला जुहूला लागले. त्या वेळी चर्चा झाली ती पहाऱ्याची, आणि ती योग्यच होती. परंतु एवढे मोठे जहाज जर ओमानहून आपल्या दारात येऊ शकते, तर पाण्यावर सांडलेले तेल का येणार नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

गोव्याच्या आणि कोकणच्या लोकांना या प्रश्नाचे उत्तर तळपायांवरूनच ठाऊक आहे. पावसाळ्याच्या तोंडाला तेथील पुळणीवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. खोल समुद्रात जहाजांनी टाकलेल्या वा गळलेल्या तेलातील हलका भाग उडून जातो, उरलेला लाटांनी घुसळला जाऊन घट्ट होतो, आणि वारा त्याला किनाऱ्यावर आणून टाकतो. तेल कोठल्या जहाजाचे, ते कोणाच्या हद्दीत सांडले, हे बहुधा कळतच नाही.

कोकणात भाऊबंदांची सामाईक विहीर असते. दोन घरांत बोलणे नसले, कोर्टात दावा चालू असला, तरी वैशाखात गाळ काढण्यासाठी दोन्ही घरची माणसे खाली उतरतात. ती प्रेमापोटी उतरत नाहीत. पाणी एकच आहे म्हणून उतरतात. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्याविषयी दक्षिण आशियातील राष्ट्रांनी असाच व्यवहार ठरवला, आणि तो ठरला समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या दिल्लीत. 1995 सालच्या मार्च महिन्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व मालदीव या पाच देशांनी येथे दक्षिण आशियाई सागरांचा कृती आराखडा संमत केला. त्याचे कामकाज कोलंबोतील दक्षिण आशिया सहकारी पर्यावरण कार्यक्रम ही 1982 साली स्थापन झालेली संस्था पाहते. 2014 नंतर सार्क राष्ट्रांची शिखर परिषद भरलेली नाही; तरीही कोलंबोतले हे कार्यालय बंद पडले नाही. तेल वा रसायन सांडल्यास परस्परांना साहाय्य करण्याच्या सामंजस्य कराराला भारताच्या मंत्रिमंडळाने 2018 साली मान्यता दिली. शासकीय कागद पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना याचे मोल कळेल. तवंग आवरण्याचे साहित्य घेऊन आलेले परदेशी जहाज जकातीच्या आणि परवान्यांच्या खोळंब्यात दोन दिवस अडकले, तर तिसऱ्या दिवशी त्याचा उपयोग उरत नाही.

अशा साहाय्याची कसोटी 2021 साली लागली. ‘एक्स-प्रेस पर्ल’ या मालवाहू जहाजाला 20 मे रोजी कोलंबोसमोर आग लागली. भारतीय तटरक्षक दलाची जहाजे आग विझवण्यास धावून गेली, आणि तिथे त्यांनी केलेले काम निःसंशय अभिमानास्पद होते. तरीही जहाज बुडाले. सुमारे 1,680 टन प्लास्टिकचे बारीक दाणे समुद्रात आणि वाळूत मिसळले, आणि श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा धंदा बसला.

या कथेचा पूर्वार्ध मात्र आपण सहसा सांगत नाही. जहाजावरच्या एका पेटीतून नायट्रिक आम्ल गळत होते. जहाज चालवणाऱ्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, ती पेटी उतरवून घ्यावी अशी विनंती आधी कतारच्या हमद बंदराला आणि मग गुजरातेतील हजिरा बंदराला करण्यात आली होती. अशी पेटी हाताळण्याची सोय नाही, म्हणून दोन्हीकडून नकार मिळाला. बंदरापुरते पाहिले तर हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु आपल्या उंबऱ्यावरून परतवलेले संकट शेजाऱ्याच्या अंगणात फुटले, आणि मग आपण बादल्या घेऊन धावलो. धावण्याविषयीचा करार आपल्यापाशी आहे. संकटातल्या जहाजाला आसरा कोणत्या बंदराने द्यावा, हे आधीच ठरवणारा पक्का प्रादेशिक करार नाही.

चारच वर्षांनी पाळी आपली आली. 25 मे 2025 रोजी ‘एमएससी एल्सा 3’ केरळच्या किनाऱ्याबाहेर बुडाले. त्यातले प्लास्टिकचे दाणे आधी केरळात, मग तमिळनाडूत, आणि जूनमध्ये श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावर पोचले. गुहागरला 2023 साली उपग्रह-यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ ही कासवीण याच वाटेने श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. जीव आणि कचरा, दोघांचा रस्ता एकच.

भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांनी 1976 साली बार्सिलोना येथे बंधनकारक करार केला. ग्रीस आणि तुर्कस्तान, इस्राएल आणि त्याचे अरब शेजारी त्यात एकत्र आहेत. करार झाला म्हणजे सारे साधते असे नाही. इराण व इराक दोघेही 1978 च्या कुवेत कराराचे सभासद होते. तरी युद्ध चालू असता 1983 साली नौरूझ तेलक्षेत्रातले तेल कित्येक महिने समुद्रात वाहत राहिले. तथापि आपल्याकडे अजून कृती आराखडाच आहे. त्यावर सह्या आहेत, सदिच्छा आहे. मोडल्यास जाब विचारणारे कलम नाही. मला हे अपुरे वाटते. पाच देशांनी निदान आसऱ्याची बंदरे आणि त्यांचा खर्च एवढे दोन विषय तरी बंधनकारक करावेत. सीमेचा वाद सुटेपर्यंत त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

कारण थांबण्याची किंमत कोळीवाडे देतात. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया 3’ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे 800 टन तेल सांडले. नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर होती. होड्यांची डागडुजी झालेली, जाळी सज्ज, आणि गिऱ्हाईक मासळीला हात लावायला तयार नाही. अशा वेळी भरपाई मागायची तर पुरावा लागतो: तवंग कोणत्या दिवशी, कोठे दिसला, त्या हंगामात किती मासळी मिळत होती, जाळी किती खराब झाली. समुद्रावर जाणारे जे श्रोते हे भाषण ऐकत असतील, त्यांनी तवंग दिसताच तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी, स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा आणि तटरक्षक दलाला 1554 या क्रमांकावर कळवावे.